वासापुरता बोंबील

आमच्या धोंडूच्या डब्याच्या पिशवीत सुक्या बोंबलाचा एक तुकडा कायम असायचा. खायला नाही, वासाला. जुन्या पेपरात गुंडाळून, रबर लावून, पिशवीच्या तळाला. वास उडाला की वनमाला, म्हणजे त्याची बायको, नवीन तुकडा टाकायची, समईची वात बदलतात तसा. डब्यात मात्र गवार, नायतर पडवळ, नायतर दोडका, आणि चपात्या.

आता हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. कारण धोंडू गेल्यावर भांडुपच्या नाक्यावर जो बॅनर लागला त्याच्यावर लिहिलंय, मच्छीसाठी लढलेला मराठी वाघ. वाघ! ज्यानं आयुष्यात कुणाला जरा सरका पण बोललं नाही, तो वाघ. आणि मासे त्याला विशेष आवडायचे पण नाहीत. मालवणी माणसाला मासे आवडत नाहीत ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे? काटे काढायचा त्याला कंटाळा. आई बोलायची, "भटाच्या घरात जल्माक येवचो, चुकान आमच्याकडे इलो."

लहानपणापासून तो तसाच. गणपतीला गावच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. एका गणपतीत दुपारच्या पंगतीला धोंडू दिसेना. हाका मारल्या, विहिरीत वाकून बघितलं, आईनं तर रडायला सुरुवात केली. शेवटी सापडला गोठ्याच्या माळ्यावर. गवतात बसून, मांडीवर पान घेऊन, डाळभात खात होता. एकटाच. बापानं आधी जवळ घेतलं आणि मग कानाखाली दिली. "एकटो कित्याक जेवतंस? भूत आसंस काय?" धोंडू काय बोलला नाही. तो कधी बोलायचाच नाही, हीच तर सगळी गोष्ट आहे.

माणूसघाणा होता असं पण नाही हां. पाहुण्याला स्टेशनवर आणायला जाणारा तोच, मयताला खांदा द्यायला पहिला तोच. पण माणसांत बसला की थोड्या वेळानं त्याचा चेहरा असा व्हायचा जसा तिरफळ चावल्यावर होतो. मग त्याला जरा बाजूला जाऊन बसायला लागायचं. बसला की परत ठीक. पण बसणार कुठे? भांडुपच्या डोंगरावर एका खोलीत राहायचा. बायको, दोन पोरं, आई होती तोवर आई, टीव्ही, आणि शेजारीपाजारी उंबऱ्यात. आमच्या वस्तीत दिवसाढवळ्या कुणी दार लावलं तर लोक बाहेरून विचारतात, काय झालं गं, भांडण झालं काय?

आणि काम कसलं, तर काउंटरचं. मुलुंडला एका बिल्डिंगमध्ये गाळा होता, औषधांचा होलसेल धंदा, हर्षद शेठचा. सगळ्या मेडिकलवाल्यांची पोरं सकाळपासून काउंटरवर. धोंडूभाऊ माझा माल, धोंडूभाऊ ह्या बाटल्या फुटक्या आल्यात, धोंडूभाऊ लवकर करा यार, बाईक लावलीय खाली पोलीस उचलेल. वर फोन. धोंडू सगळ्यांना माल द्यायचा, हसायचा पण. पण दुपारपर्यंत त्याचं डोकं भरून यायचं. वनमालाला बोलायचा, "डोक्यात माशी शिरल्यावानी वाटता गो."

मग जेवायची सुट्टी व्हायची, तर ती आणखी वाईट. शेठचा नियम होता, सगळ्यांनी एकत्र जेवायचं. शेठ माणूस प्रेमळ, खोटं कशाला बोला. आतल्या खोलीत लांब टेबल, शेठ स्वतः डोक्याशी बसायचे, घरून आलेली कढी, थेपले सगळ्यांना वाढायचे. सगळ्यांचे डबे मधे, प्रत्येकाचा हात प्रत्येकाच्या भाजीत. खोलीत माताजीचा देव्हारा, म्हणून टेबलावर मच्छी-मटण नाही एवढीच अट. आणि बडबड. मॅच, सिरीयल, कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाचं मोडलं. बिलिंगला प्रांजल म्हणून पोरगी होती, ती जेवताना रील लावायची मोठ्यानं. आणि सुयोग होता, डिलिव्हरी बघायचा, त्याच्या तोंडाला कुलूप नाही.

"काय धोंडूभाऊ, जीभ घरी ठेवून आलात काय?"

"नाही, आहे."

"मग दाखवा!"

सगळे हसायचे. रोज. धोंडू पण हसायचा.

त्यानं करून बघितलं नाही असं नाही. बाहेर चक्कर मारून येतो बोलला, तर शेठ नाराज. "आमच्यासोबत जेवायला लाज वाटते काय रे धोंडू?" डोकं दुखतंय बोलला, तर प्रांजलनं गोळी दिली, बाम दिला, आणि कुणाकुणाला काय काय केल्यावर डोकेदुखी थांबली ते सगळ्यांनी मिळून सांगितलं. आपल्यात काय, माणूस एकटा जेवायला बसला की एकतर घरी भांडण झालंय, नायतर माज आलाय, नायतर डब्यात काहीतरी चांगलं लपवलंय. त्याला नुसतंच एकटं बसायचंय, हे चौथं कुणाच्या डोक्यात येत नाही.

मग एक दिवस वनमालाकडून डबे बदलले. पोराच्या डब्यात दोडका गेला आणि धोंडूच्या डब्यात सुकटीची चटणी. धोंडूनं टेबलावर झाकण उघडलं आणि सगळी खोली वासानं भरली. शेठनं नाकाला रुमाल लावला. रागावले नाहीत. "अरे धोंडू, इथे नको रे बाबा, माताजी बसली आहे. टेरेसवर जा. आरामशीर खा, घाई नको करू."

धोंडू शरमेनं लाल. जिने चढून वर गेला. वर पाण्याची मोठी टाकी, टाकीच्या खाली सावली, एक प्लास्टिकची खुर्ची पडलेली, एका पायाला दोरी बांधलेली. समोर नॅशनल पार्कचा डोंगर. माणूस नाही. खालचा हॉर्न पण वर येईपर्यंत मऊ होऊन यायचा. धोंडू जेवला. जेवून झाल्यावर डबा बंद करून तसाच बसून राहिला. काय केलं नाही हो त्यानं. फोन पण बघितला नाही. एक घार फिरत होती, ती बघत बसला.

संध्याकाळी घरी आला तो शीळ घालत. वनमाला घाबरली. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं नवऱ्याची शीळ ऐकली.

"काय झाला? पगार वाढवल्यानी काय?"

"नाय. उद्या पण सुकट घाल."

चारेक दिवस गेल्यावर वनमाला वैतागली. "तुमका रोज सुकट खंयसून घालू? आणि तुमका आवडता खंय? परत तर तशीच आणतास."

तेव्हा त्यानं सांगितलं. लाजत सांगितलं, जशी काय कुठली बाई ठेवलीय. वनमालानं ऐकून घेतलं, शिंक्यावर बोंबलाची माळ होती त्यातला एक तुकडा तोडला आणि पेपरात बांधून पिशवीत टाकला. "जावा. नुसतो वास पुरे." दोघं नवराबायको त्या दिवशी तोंड दाबून हसली, बाजूला पोरं झोपलेली.

तेव्हापासून रोज. सुट्टी झाली की धोंडू पिशवी जरा पुढे धरायचा आणि मान खाली घालून बोलायचा, "शेठ, आज बांगडा आहे." शेठ हसून वर बोट करायचे. कधी बांगडा, कधी मांदेली, कधी सुरमई पण सांगायचा, सणासुदीला. शेठ बोलायचे, "तू रोज एवढी मच्छी खाते, धोंडू, पण अंगाला काय लागत नाय!" आणि धोंडू वर जाऊन टाकीखाली बसून गवार खायचा. अर्धा तास. मग खाली येऊन संध्याकाळपर्यंत कुणी कितीही आरडाओरडा करू दे, धोंडू थंड. त्याच्या हातून चुकीचा माल कधी गेला नाही. एवढ्या अर्ध्या तासावर तो माणूस चालत होता. आणि त्यानं कुणाचं काय घेतलं होतं? टाकीची सावली.

वाईट फक्त सोमवार आणि गुरुवार. त्या दिवशी आपल्यात मासे नाहीत हे शेठना पण माहीत, मग टेबलावर बसायला लागायचं. आणि श्रावण आला की मग महिनाभर कैद. लोक श्रावणाची वाट बघतात, धोंडू गटारीच्या दिवसापासून सुतकात. असे काही श्रावण त्यानं काढले. गेल्याच्या गेल्या श्रावणात मात्र त्याला सहन झालं नाही. प्रांजलचं लग्न ठरलं होतं, टेबलावर रोज तोच दंगा, हॉल कुठला, साडी कुठली, धोंडूभाऊ तुम्ही सांगा ना, धोंडूभाऊ तुमचं लव्ह की अरेंज. भर श्रावणात धोंडू पिशवी पुढे करून बोलला, "शेठ, मांदेली आहे."

सुयोग बोलला, "धोंडूभाऊ? श्रावणात?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. रक्त कमी आहे."

जन्मात खोटं न बोललेल्या माणसाला खोट्याची सवय लागली की तो असं बोलतो, ज्याचे आणखी चार फाटे फुटतील. धोंडूला रक्त कमी आहे हे सगळीकडे झालं. सुयोगच्या मनात त्याच्याबद्दल कळवळा आला. आणि सुयोगचा कळवळा म्हणजे काय, तो तेव्हा नुकताच एका पक्षात गेला होता. गळ्यात उपरणं, फोनमध्ये ग्रुपच ग्रुप. दिवस पण तसेच होते, कुठल्या सोसायटीत मराठी माणसाला फ्लॅट नाही दिला, कुठे मच्छीवालीला गेटवर अडवलं, रोज काहीतरी. हे सगळं खोटं होतं असं कोण बोलतंय? आमच्याच नात्यात घर बघायला गेल्यावर पहिलं विचारलंय, खाता काय. पण धोंडूचं तसं नव्हतं.

एक दिवस सुयोग फोनवर बोलायला म्हणून टेरेसवर गेला. त्याला काय दिसलं? टाकी गळतेय, कबुतरांची घाण, मोडक्या खुर्चीत पाठमोरा एक म्हातारपणाकडे झुकलेला माणूस, मांडीवर डबा. आजारी, रक्त कमी. धोंडू तेव्हा जगातला सगळ्यात सुखी माणूस होता, पण पाठीवरून सुख कसं दिसणार? सुयोगनं मागून फोटो काढला. ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, आपल्याच मुंबईत मराठी माणसाला टाकीखाली जेवायला बसवतात.

रात्रीपर्यंत तो फोटो वनमालाच्या फोनवर पण आला, तिच्या बहिणीनं पाठवला. खाली रडके चेहरे. वनमालानं धोंडूला दाखवला. धोंडूनं फोन डोळ्यांजवळ नेला आणि बोलला, "ही माझी पाठ?"

दुसऱ्या दिवशी गाळ्यासमोर ही गर्दी. झेंडे, घोषणा, माईक घेतलेली दोन पोरं. धोंडूला बाहेर आणून उभा केला, गळ्यात उपरणं घातलं. ज्या माणसाला टेबलावर सहा जण सोसत नव्हते त्याच्यासमोर रस्ता भरून माणसं.

"किती वर्षं वर जेवताय काका?"

"बरीच."

"खाली बसू देत नाहीत ना?"

धोंडू गप्प.

"बघा, बघा प्रेक्षकहो, भीतीनं बोलत नाहीयेत!"

शेठना आतून आणलं. ते धोंडूसमोर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "धोंडू, तू बोल. मी तुला कधी हाकलला? तुझ्या आईच्या वेळेला मी आला होता ना रे घरी? तू बोल, तू जे बोलेल ते मी मान्य करेल."

धोंडूनं तोंड उघडलं. वनमालाला तो नंतर सांगायचा, की शप्पथ सांगतो, शब्द इथपर्यंत आले होते. तेवढ्यात सुयोगनं त्याच्या हातातली पिशवी घेतली. कॅमेऱ्याला मच्छीचा डबा दाखवायचा होता. झाकण उघडलं, आणि आत गवार.

सुयोगनं गवार बघितली. धोंडूकडे बघितलं. पिशवीत हात घातला, पेपरातला तुकडा हाताला लागला, आणि तो मूर्ख नव्हता, त्याला सगळं कळलं. डब्याचं झाकण खाडकन लावलं. धोंडूच्या कानाजवळ तोंड नेऊन बोलला, "धोंडूभाऊ, आता एक शब्द बोलू नका. नायतर माझी, तुमची, आपल्या सगळ्यांची वाट लागेल. उद्यापासून कुठे खऱ्याला पण कुणी खरं बोलणार नाही." आणि तो बोंबलाचा तुकडा दोन बोटांत धरून वर केला. "हा बघा! एवढ्याशा तुकड्यासाठी आमच्या माणसाला हाकललाय!"

लोकांनी गलका केला. शेठनी हात जोडून माफी मागितली. धोंडूचं तोंड तसंच उघडं होतं, त्याचा पण फोटो निघाला. बॅनरवर तोच आहे. गर्जना केल्यासारखा दिसतो.

दुसऱ्या दिवसापासून धोंडू टेबलाच्या डोक्याशी, शेठच्या जागेवर. सुयोगनंच बसवला. शेठनी देव्हारा उचलून आपल्या काचेच्या केबिनमध्ये नेला आणि स्वतः पण तिथेच जेवायला लागले, दार लावून. ज्या माणसाला चार माणसांना वाढल्याशिवाय घास जात नव्हता, तो एकटा. आणि धोंडू इकडे टेबलावरून त्या काचेकडे बघायचा, जसं पोर मिठाईच्या दुकानाकडे बघतं.

टेबलावर आता रोज मच्छी. ज्यांना एरवी आठवड्यातून एकदा लागायची ते पण आणायला लागले, हक्क म्हणून. धोंडूच्या डब्यात तर सगळ्यांचे हात, "वहिनींच्या हातचा बांगडा, झकास!" म्हणजे वनमालानं आता रोज खरंच मासे करायचे. पहाटे उठून बाजार, साफ करणं, तळणं. ती चिडून बोलायची, "वास पुरत होतो तोच बरो होतो." मेडिकलची पोरं काउंटरवर सेल्फी मागायची. वस्तीत सत्कार, शाळेत सत्कार. धोंडूभाऊ दोन शब्द बोला. दोन शब्द!

टेरेसला सोसायटीनं कुलूप ठोकलं. धोंडू एकदा हळूच वॉचमनकडे गेला. वॉचमननं हात जोडले, "नको भाऊ. तुम्ही वर गेलात की परत टीव्हीवाले येतील, माझी नोकरी जाईल." मागच्या खोलीत खोक्यांच्या आड बसून बघितलं, तर सुयोग शोधत आला. "अहो धोंडूभाऊ, इथे काय लपताय? आपण कशासाठी लढलो मग?" पोट बिघडलंय सांगून संडासात जाऊन बसायला लागला, तर बाहेरून प्रांजल दार वाजवायची, "काका, ओआरएस देऊ का?"

घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. वनमालानं विचारलं तर एकच, "माका अर्धो तास व्हयो होतो गो. तितकोच. बाकी काय मागलय मी?"

शेवटी तिनंच सांगितलं, शेठना जाऊन खरं सांगा. काय देतील तर शिव्या देतील. तिनं त्या दिवशी मुद्दाम गवार दिली.

धोंडू डबा घेऊन केबिनमध्ये गेला. शेठनी वर बघितलं नाही. धोंडूनं डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला.

"आज मच्छी नाय?"

"कधीच नव्हती शेठ."

"मग रोज? बांगडा, सुरमई?"

"नुसता वास होता."

"कशाला रे?"

धोंडू डब्याचं झाकण हातात फिरवत बोलला, "शांत वाटायचं वर."

शेठना हसायला आलं, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "अरे गाढवा, एवढा मला सांगितला असता तर मी तुला वर पंखा लावून दिला असता."

हे वाक्य धोंडू घरी येऊन तीन-तीनदा बोलला. पंखा लावून दिला असता.

मग शेठ बोलले, "आता मी काय नाय करू शकत. तुला वर पाठवला की ते परत येणार. तू इथे बस. माझ्यासमोर. बोलू नको, मी पण नाय बोलणार." आणि दोघं जेवले. शेठची कढी, धोंडूची गवार, आणि आवाज फक्त चावण्याचा. किती दिवस चाललं? आठवडा पण नाही. काचेतून सगळं दिसतं. टेबलावर कुजबुज, धोंडूभाऊ शेठच्या केबिनमध्ये कसे? सुयोगला तर खरं ठाऊक होतं, त्याला भीती की धोंडू बोलला असेल. एक दिवस सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलला, "काय धोंडूभाऊ, कितीला फोडलं शेठनी? आम्ही तुमच्यासाठी केसेस अंगावर घेतल्या, आणि तुम्ही कढी भुरकताय?"

माल घ्यायला आलेली पोरं पण थांबून बघायला लागली. धोंडूनं आपला डबा उचलला आणि टेबलाच्या डोक्याशी जाऊन बसला. त्यानंतर उठला नाही.

डबा आता भरलेला गेला तसा भरलेला परत यायला लागला. चेहरा काळा पडला, जिना चढताना थांबायला लागला. वनमाला डॉक्टरकडे चला बोलली की बोलायचा, तिकडे पण लायनीत माणसंच असणार.

आणि मग तो दिवस. टेबलावर सगळे. कुणीतरी सुरमई आणलेली, धोंडूच्या झाकणात एक तुकडा वाढला. खा हो, खा हो. त्यानं तुकड्याला हात लावला नव्हता. एकदम त्यानं गळ्याकडे हात नेला, मग छातीकडे, तोंड उघडलं, आवाज नाही. घाम. आणि सगळे एकदम ओरडले, "काटा! काटा अडकला!" आता आपली माणसं काट्याला काय करतात? सुका भात. गोळा करून कोंबला तोंडात. चावू नका धोंडूभाऊ, नुसता गिळा! कुणी पाठीत गुद्दे घालतंय, कुणी केळं आणायला धावतंय, कुणी बोलतंय मान मागं करा, कुणी बोलतंय पुढं करा. सहा माणसं, सहा आवाज, सगळी त्याच्या अंगावर. मच्छीवाला वाघ, त्याला काट्याशिवाय दुसरं काय होणार? हृदय कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शेठ केबिनमधून धावत आले. ते एकटेच ओरडले, "बाजूला व्हा सगळे, त्याला हवा येऊ द्या!" स्वतःच्या गाडीत घातला. पण त्या भातात आणि केळ्यात जो वेळ गेला तो गेला. डॉक्टर बोलले, जरा आधी आणायला हवा होता. तोंडातून भात काढला त्यांनी. काटा कुठेच नव्हता.

दहाव्याला स्मशानाच्या मागच्या ओट्यावर पिंड ठेवले. घरचे, वस्तीतले, गाळ्यातले, आणि सुयोगची उपरणी. शेठ पण आले होते, पांढऱ्या कपड्यात, गेटजवळच उभे राहिले, आत आले नाहीत. आवडीचं म्हणून कुणीतरी पिंडाच्या बाजूला तळलेला बांगडा ठेवला. वनमाला बघत राहिली.

कावळे झाडावर भरपूर. शिवेना एकपण. मोठ्या पोरानं हात जोडले, बाबा, मी आईला बघेन. नाही. धाकट्यानं सांगितलं, मी दारूला हात लावणार नाही. नाही. वनमालाच्या दिरानं गावच्या घराचं सांगितलं, गावचा देव, कुलदैवत, सगळं झालं. मग सुयोग पुढे झाला, डोळ्यात खरंच पाणी होतं त्याच्या, ते पण खोटं बोलू नये. "धोंडूभाऊ, तुमचा लढा आम्ही चालू ठेवू! प्रत्येक टेबलावर मच्छी आणू!" मागून घोषणा झाली. झाडावरचे होते ते कावळे पण उडाले.

वनमाला तेव्हा बोलली. सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "तुमी सगळे जरा लांब जावा. तेका एकट्याक जेवूंदे."

लोकांना वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. एका बाईनं तिला धरून खाली बसवलं, पाणी दिलं. "असं एकटं कसं सोडायचं गं त्यांना? सगळे त्यांच्यासाठीच तर आलेत." गेटजवळ शेठनी तेवढं ऐकलं, आणि ते एकटेच मागे वळून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

बाकी कुणी हललं नाही. ऊन वाढलं. भटजींना पुढचं काम होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, झालं बोलले. सगळे चपला शोधायला लागले, कोण कुठल्या रिक्षात, जेवण कुठे, किती पानं. वनमालाला रिक्षात बसवली.

रिक्षा वळायला लागली तशी तिनं मागे बघितलं. ओट्यावर आता कुणी नव्हतं. एक कावळा उतरला. मान वाकडी करून इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग सावकाश उडी मारत पिंडाजवळ गेला आणि खायला लागला. घाई नाही, काय नाही.

"थांब रे," वनमालानं रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढच्या रिक्षातून सुयोग ओरडला, "वहिनी, चला, पंगत थांबलीय! काय झालं?"

"काय नाय," ती बोलली. "तेचा जेवान होवंदे."

सुयोग उतरून बघायला आलाच. त्याच्या चपलांचा आवाज झाला आणि कावळा उडाला.